सवची सवत

जिला मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, जिचा आवाज ऐकला नाही, तिच्यावर मी कितीतरी वर्षं जळत होते. ती माझ्या नवऱ्याची पहिली बायको. मी लग्न होऊन महाडात आले तेव्हा तिला जाऊन दोन पावसाळे उलटले होते. घरात तिचा फोटो नव्हता. तिची लुगडी कधीच वाटून टाकलेली होती. आमचे हे तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. लग्नात रीतीप्रमाणे तिच्या नावाची चांदीची एवढीशी पुतळी माझ्या गळ्यात घातली होती, मंगळसूत्राच्या शेजारी. ती तेवढी अंघोळीच्या वेळी हाताला लागायची. बाकी घरात ती मला कुठे भेटली नाही. ती भेटायची सवला.

महाडहून होडीत बसून सावित्रीतून खाली गेलं की पलीकडच्या काठाला सव लागतं. तिथं ऊन पाण्याचे झरे आहेत. अंगावर खरूज-नायटा असलेली माणसं तिथं अंघोळीला जातात, आणि ज्यांना काही झालेलं नाही तीही जातात. आमचे हे दर माघात जायचे. बरोबर त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, शाळेत मास्तर होते ते, आणि त्यांची बायको. तिला सगळी आळी मास्तरीणबाई म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. ओहोटीबरोबर निघायचं, झऱ्यावर अंघोळी करायच्या, काठावरच्या आंब्याखाली वालाच्या शेंगा मडक्यात भरून भाजायच्या, म्हणजे पोपटी लावायची, खायचं, लोळायचं आणि भरतीचं पाणी धरून घरी यायचं. यांचं सायकली भाड्याने देण्याचं दुकान होतं. वर्षभर पंक्चर काढून हात काळे. तो एक दिवस मात्र दुकानाला फळी लावायचे. दिवाळीला लावायचे नाहीत, पण सवला जायच्या दिवशी लावायचे.

लग्नानंतर पहिला माघ आला तेव्हा मी हरखून गेले होते. मी पोलादपुराकडच्या डोंगरातली. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे हौसेनं मला कुणी कुठं नेलं आहे असं फारसं झालंच नव्हतं. आदल्या दिवशी मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुकटीची चटणी केली, नवं पातळ काढून ठेवलं.

होडीत पाय ठेवला आणि मास्तरीणबाई म्हणाल्या, "तिथं नको गं बसूस, मधे बस. ती कडेला बसायची ना, ती तिची जागा."

मी मधे बसले. त्या रिकाम्या जागेवर कुणीच बसलं नाही. माझ्या भाकऱ्यांची टोपली मात्र ठेवली.

होडी धारेला लागली तशी मास्तरीणबाई यांना म्हणाल्या, "भावजी, आठवतं? होडी हलली की कशी खदखदून हसायची! तो म्हातारा नावाडीसुद्धा वल्हं सोडून हसायला लागायचा."

हे नुसते हसल्यासारखे झाले आणि मास्तरांकडे वळून पाण्याचं काहीतरी बोलू लागले. पण मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचा चेहरा मऊ झाला होता. माझ्याकडे बघताना तो तसा मऊ झालेला मी पाहिला नव्हता. आणि मग दिवसभर तेच. झऱ्याच्या कडेला एक चपटा दगड होता, तो तिचा. तिथं बसून ती केस वाळवायची. आंब्याच्या एका फांदीला ती पातळ टांगायची. पोपटीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला किती घालायचा ते तिलाच कळायचं. मी कधी पोपटी लावली नव्हती. आमच्या डोंगरात नाचणी-वरी, वाल फारसा नाही. मास्तरीणबाईंनी मला मडकं भरायला दिलं, मी पाला कमी घातला, आणि खालच्या शेंगा जळाल्या.

"असू दे," त्या म्हणाल्या, "तुला कसं येणार? तिच्या हातची चव आता कुठली!"

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्या दोघी अगदी सख्ख्या बहिणींसारख्या होत्या असं सगळे सांगत. मैत्रीण गेल्याचं दुःख त्यांना दर माघात नव्यानं व्हायचं आणि ते त्या बोलून मोकळं करायच्या. पण मी त्या जळक्या शेंगा सोलून सोलून खाल्ल्या आणि मनात म्हटलं, या गावाचं नाव कुणी ठेवलं असेल? सव. पुढे नुसता एक त जोडायचा बाकी आहे.

पुढच्या वर्षी मी आळीतल्या एका म्हातारीकडून पोपटी शिकून घेतली. परसात तीन-चारदा लावून बघितली. ओवा किती, मीठ किती, मडकं उपडं घालून भोवती पेंढा कसा लावायचा, सगळं हाताखालून घातलं. त्या माघात माझी पोपटी अशी झाली की मास्तर बोटं चाटत राहिले. मास्तरीणबाईंनी शेंग सोलून तोंडात टाकली, डोळे मिटले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगदी तिच्यासारखी," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला शाबासकीच दिली होती. मी मात्र उठून झऱ्यावर गेले आणि पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसून राहिले. आपण एवढं खपून जे मिळवलं ते तिच्याच खात्यावर जमा झालं, असं मला वाटत होतं.

मग मला मुलगी झाली. ती दोन वर्षांची असताना तिला पहिल्यांदा सवला नेली. गरम पाण्यात तिचे पाय बुडवले तशी ती खिदळायला लागली. मास्तरीणबाई थबकल्या. म्हणाल्या, "अगं बाई! हसते बघ कशी! हुबेहूब तिचं हसणं!"

माझ्या पोटची पोर. त्या बाईशी तिचं रक्ताचं नातं नाही, नखाचं नाही. आणि हसते म्हणे तिच्यासारखी. मी पोरीला पाण्यातून उचलली आणि पदरानं तिचे पाय इतके खसाखसा पुसले की ती रडायला लागली. आणि हे? हे पोरीकडे टक लावून बघत होते. काय बघत होते? पोरीला की तिच्यात दुसऱ्या कुणाला? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तरी ते बोलले नसते. माझा नवरा कधी माझ्यावर ओरडला नाही, हात उचलणं तर दूरच. पण बोलायची वेळ आली की तो हातात पाना घेऊन सायकलीपाशी बसायचा. त्यामुळे मी माझ्या मनानं तिला घडवत गेले. उंच केली, गोरी केली, पाण्याला न भिणारी, कुणालाही न भिणारी, सगळ्यांना हसवणारी केली. तिच्या शेजारी मी म्हणजे डोंगरातून आलेलं एक घुमं ध्यान.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे कधीतरी मी यांच्याजवळ हट्ट धरला. म्हटलं, "एकदा माझ्या जागी चला. माझ्या आवडीच्या."

माझा मामा वरंधला राहायचा. आई गेल्यावर मी काही वर्षं त्याच्याकडे वाढले होते. चैत्रात तो मला घाटात वाघजाईच्या दर्शनाला न्यायचा. रस्त्याच्या कडेला देवीचं लहानसं देऊळ, जवळच कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि समोर दरी अशी उघडलेली की बघताना छाती भरून यायची. लहानपणी मला वाटायचं, आई गेली ती तिथंच, त्या निळ्या डोंगरांच्या मागे. ही जागा मी कुणाला दाखवली नव्हती.

हे लगेच हो म्हणाले. पोरीला मास्तरीणबाईंकडे ठेवली आणि आम्ही दोघंच एसटीने निघालो. गाडी माझेरी सोडून घाट चढायला लागली तशी मी खिडकीतून एकेक दाखवायला लागले. तो कडा, ती करवंदांची जाळी, इथं मामाला भेकर दिसलं होतं. हे ऐकत होते. वर उतरलो, देवीला नारळ फोडला, टाक्यातलं पाणी प्यालो. यांनी ओंजळ भरून तोंडावर मारलं आणि "काय गार आहे!" म्हणाले. भाकरी खाल्ली. माकडं आली, त्यांना यांनी खोबऱ्याचे तुकडे टाकले. मग सावलीत धोतर सावरून आडवे झाले आणि त्यांना डोळा लागला.

मी त्यांच्या उशाशी बसून दरी बघत होते आणि मला अगदी सुख झालं होतं. इथं ती कधी आली नव्हती. इथल्या कुठल्या दगडावर तिनं केस वाळवले नव्हते. हा कातळ, हा वारा, हा झोपलेला माणूस, एवढं सगळं नुसतं माझं होतं.

जागे झाल्यावर ते म्हणाले, "किती निवांत आहे गं इथं."

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण जीभ थांबली नाही. म्हटलं, "सवपेक्षा चांगलं आहे की नाही?"

ते दरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सवचं वेगळं."

बस, एवढंच. मी डबा आवरला. परतीची गाडी यायला अवकाश होता, तोवर आम्ही रस्त्याच्या कडेला दोन दगडांवर दोघं बसलो. देवळाच्या घंटेचा आवाज यायचा, थांबायचा. तिला मी इथं आणली नव्हती, पण मीच तिचं नाव काढलं होतं आणि ती आली होती. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. यांना वाटलं मला गाडी लागली. त्यांनी खिशातून आवळकाठी काढून दिली. ती मी चघळली, आणि तिलासुद्धा ते आवळकाठी देत असतील, असा विचार करून आणखी कडू झाले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तिची आई आमच्या घरी आली.

ही म्हातारी पोलादपूरच्या पलीकडे कशेडीच्या पायथ्याच्या एका वाडीत राहायची. मुलगी गेल्यावर येणंजाणं राहिलं नव्हतं. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून महाडच्या डॉक्टरांना दाखवायला मुलाबरोबर आली आणि उतरली आमच्याकडेच. मी पाणी दिलं, चहा दिला. सगळं रीतीचं केलं. ती यांच्या हाताला धरून बसली होती आणि हे तिला 'आई' म्हणत होते. मी कधी त्यांना कुणाला आई म्हणताना ऐकलं नव्हतं, त्यांची स्वतःची आई माझ्या लग्नाआधीच गेलेली. मला तेही लागलं.

माघ चालू होता. आम्ही सवला निघणार हे तिला कळलं. ती यांना म्हणाली, "जावयबापू, मला पन न्या. माझी लेक जिथं जायाची ती जागा मला एकदा बघायची हाय. डोल्यानं थोडं दिसतंय तवर."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "न्या की." आणि आत जाऊन पिठाचा डबा असा आपटला की झाकण उडून चुलीपाशी गेलं.

होडीत मास्तरीणबाईंनी म्हातारीला मानानं हाताला धरून त्या कडेच्या जागेवर बसवायला घेतलं. "आजी, इथं बसा. ही तुमच्या लेकीची जागा."

म्हातारी बसेना. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "मला मधी बसव गो बाय. तुझ्याजवल." मी तिला माझ्याशेजारी मधे घेतलं. होडी हलली तशी तिनं डोळे गच्च मिटले आणि पलीकडे लागेपर्यंत उघडले नाहीत. तिचा हात माझ्या मनगटावर होता, वाळलेल्या काटकीसारखा. पुढे नावाड्यापाशी हे आणि मास्तर बसले होते. माझी मुलगी यांच्या मांडीवर.

बायकांच्या झऱ्यावर आम्ही तिघीच होतो. म्हातारीला मी पाण्याशी बसवलं, तिचे पाय सोडले, पाठीवर ऊन पाणी घातलं. मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे सुरू झाल्या. "आजी, हा बघा तिचा दगड. इथं बसायची. आणि काय सांगू, होडीत तर अशी हसायची! पाण्याची भीती म्हणून नाही तिला. आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसायचो आणि ही आपली कडेला बसून खो खो हसतेय!"

म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, "कोन? माझी लेक?"

"हो तर."

"नाय गो," म्हातारी म्हणाली. "ती पान्याला मरनाची भ्यायची."

मास्तरीणबाई हसल्या. "छे हो आजी. तुम्ही पाहिलं नाही तिला होडीत."

"मी नाय बघितलं, पन मी तिची आय हाय ना," म्हातारी शांतपणे म्हणाली. "ती बारकी असताना आमच्या वाडीची एक पोर वहालाला आलेल्या पुरात गेली. दोघी हातात हात धरून चालल्या व्हत्या. हात सुटला. तवापासून ही गुडघाभर पान्यात पन उतरायची नाय. लगीन होऊन हितं आली, आन दर वर्साला ही होडी. पौषात माहेरी आली की माझ्याजवल रडायची. आये, माघ आला गो, म्हनायची. मी म्हनायची, नको जाऊ, सांग की त्यांना. तर म्हनायची, कसं सांगू? ते सगल्या वर्सात एक दिस हसतात. तो कसा मोडू?"

"पण ती हसायची," मास्तरीणबाई पुन्हा म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"हसल नायतर काय करील? भ्यालेलं मानूस रडतंय नायतर हसतंय. रडता येत नव्हतं चार लोकांत."

मग म्हातारीने चाचपडत माझ्या गळ्याशी हात आणला आणि तिच्या बोटांना ती पुतळी लागली. दोन बोटांत धरून तिनं ती जराशी चोळली, जसं लहान मुलाच्या गालाला हात लावावा तसं. "हीच ना?" म्हणाली. मी हो म्हटलं.

इतकी वर्षं मी जी बाई मनात उभी केली होती ती तिथल्या तिथे कोसळायला हवी होती. ती पाण्याला भिणारी होती, कडेला बसून थरथरत होती, हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. तोवर मला तिच्या रूपाचा, तिच्या हसण्याचा हेवा वाटत होता. आता निराळाच वाटायला लागला. दर वर्षी मरणाच्या भीतीने होडीत बसायचं, का, तर नवऱ्याचा एक दिवस मोडू नये म्हणून. मी यांच्यासाठी असं काय केलं होतं? मला पाण्याची भीतीच नव्हती. माझं येणं फुकटचं होतं.

मास्तरीणबाई नंतर पोपटीत मीठ घालायचं विसरल्या. मास्तर म्हणाले, "आज शेंगा अळणी कशा?" परतताना होडीत त्या म्हातारीपासून लांब बसल्या आणि बंदराला उतरताना मला एका बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला कधी एका शब्दानं बोलली नाही गं. सगळं सांगायची मला. नवऱ्याचं, माहेरचं, दुखण्याचं. आणि एवढं मात्र सांगितलं नाही."

त्यांचं तोंड मी बघितलं आणि ओळखलं. ओठ घट्ट, डोळे कोरडे, आणि आतून काहीतरी कुरतडतंय. आरशात मी ते कितीदा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी तिच्या मुलाबरोबर गेली. दुपारी मी यांचा डबा घेऊन दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. हे घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत होते. मी उभ्याउभ्याच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का? तिला पाण्याची भीती वाटायची ते?"

ट्यूब हातात तशीच राहिली. मला वाटलं, आता पाना उचलतील. पण म्हणाले, "ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षी नव्हतं. दुसऱ्या वर्षी ती कडेला बसली आणि लुगड्याच्या पदराखाली माझा हात धरला. पलीकडे पोचलो तर माझ्या हातावर नखं उमटलेली. रक्त आलं होतं. मी म्हटलं, पुढच्या वर्षीपासून बंद करू. तर तिनं शपथ घातली, बंद करायचं नाही आणि कुणाला सांगायचंही नाही. मधे बायकांत मला बसता आलं नसतं; ती कडेला बसायची ती मी शेजारी असावं म्हणून."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही."

"नाही."

"मलाही नाही."

"तुलाही नाही," ते म्हणाले.

त्या क्षणी मला जे झालं तसं ना आधी झालं, ना नंतर. त्या दोघांमध्ये एक गुपित होतं आणि ती मेल्यावरही त्यांनी ते सांभाळलं होतं, माझ्या शेजारी निजून, माझ्या हातची भाकरी खाऊन. मास्तरीणबाई होडीतल्या हसण्याचं सांगायच्या तेव्हा यांचा चेहरा मऊ व्हायचा तो हसण्यामुळे नव्हताच. तो त्या हातामुळे होता. मी तिथंच फळीवर बसले.

मग हे म्हणाले, "तिला कशाची भीती वाटते ते मला कळलं, कारण तिनं हात धरला. तुला कशाची भीती वाटते ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही. तू सांगत नाहीस."

मी म्हटलं, "तुमच्या गप्प बसण्याची."

मग त्यांनी ट्यूब घमेल्यात सोडली, हात पुसले आणि डबा उघडला. आणि जेवता जेवता बोलायला लागले. ती कशी आजारी पडली, ऐन पावसात, तापाने. सावित्रीचं पाणी बाजारात शिरलं होतं आणि डॉक्टरला आणायला हे छातीभर पाण्यातून गेले. परत आले तेव्हा ती शुद्धीवर होती आणि यांचे ओले कपडे बघून रागावली, पाण्यात का गेलात म्हणून. हे सांगताना त्यांचा घास हातातच राहिला. एक माणूस सायकल घ्यायला आला, त्याला मीच म्हटलं, आज दुकान बंद आहे.

ते बोलायला लागले ते मग बरेच दिवस बोलत राहिले, घागर उपडी झाल्यासारखे. मला प्रत्येक गोष्ट लागायची. पण ऐकता ऐकता ती बाई बदलत गेली. ती बुटकी होती. सावळी होती. झोपेत दात खायची. कारल्याची भाजी केली की दोन दिवस तोंड फुगवून बसायची. तिला उंच आणि गोरी मी केली होती. खरी जी होती ती माझ्यासारखीच कुणीतरी होती, आणि तिच्यावर जळणं कठीण व्हायला लागलं. अगदी थांबलं असं मी म्हणणार नाही. हे बोलता बोलता मधेच थांबून लांब बघायला लागले की अजून काळजात काहीतरी टोचायचं.

म्हातारी त्यानंतर वर्षातून एकदा यायची. माघात नाही, होडीत मी परत बसायची नाय, म्हणाली. पेरणीआधी यायची, चार दिवस राहायची, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसायची. मला 'लेकी' म्हणायची. आई नसलेल्या बाईला ते ऐकून काय होतं ते मी लिहू शकत नाही. आणि त्यातही मनात येऊन जायचंच, की हे सगळं खरं तर दुसरीच्या वाट्याचं.

सवला आम्ही जात राहिलो. कडेच्या जागेवर आता मुलं बसायची, मास्तरांची दोन आणि आमची. मास्तरीणबाईंनी होडीतल्या हसण्याची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

एका दुपारी त्या आमच्याकडे आल्या. निमित्त पापडाचं होतं. मी पीठ मळत होते, त्या लाट्या करत होत्या. मग खाली मान घालूनच त्या म्हणाल्या, "तिच्याबद्दल तुला अजून काय काय ठाऊक आहे?"

मी हात थांबवला.

"भावजी तुझ्याशी बोलतात म्हणे आता," त्या म्हणाल्या. "आजीपण येतात तुझ्याकडे. मला वाटायचं, तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. सांग ना मला. काहीही सांग."

जिनं तिला कधी पाहिलं नव्हतं तिच्याकडे, जिनं तिला रोज पाहिलं होतं ती मागायला आली होती. मी पिठाचा गोळा झाकून ठेवला आणि सांगायला लागले. वहाळाच्या पुराचं, हात सुटलेल्या त्या मुलीचं, झोपेत दात खाण्याचं, कारल्याचं. शेवटच्या तापात ओल्या कपड्यांवरून रागावल्याचं सांगितलं तेव्हा मास्तरीणबाई रडल्या, मीही रडले, लाट्या वाळून गेल्या. त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणखी काय, आणखी काय.

पदराखाली धरलेल्या हाताचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.